बेदाणा काळाच बरा

गेल्या वर्षी ऑगस्टमधली गोष्ट. शनिवारची पहाट, साडेतीन वाजलेले. कोलंबसमधल्या (आमचं कोलंबस ओहायोतलं, याच नावाची अजून बरीच गावं या देशात आहेत) आमच्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये गोळी सुटल्यासारखा आवाज झाला. माझा रूममेट नागपूरचा, एरवी अलार्मलाही न उठणारा माणूस. तो थेट पलंगाखाली. मी ९११ लावायच्या बेतात होतो, तेवढ्यात दुसरा आवाज झाला आणि कपाटाच्या दाराखालून गोडसर वासाचा ओघळ कार्पेटवर आला.

माझी बिअर होती ती.

दार उघडायची हिंमत सकाळी आठला झाली. डोळ्यांवर गॉगल, हातात ओव्हनचे ग्लव्ह्ज. चार बाटल्या फुटल्या होत्या. ऑफिसचे शर्ट बिअरने न्हालेले, आणि दाराच्या आतल्या बाजूला बोटभर लांबीचा काचेचा तुकडा रुतून बसलेला. तो तुकडा उपटताना मला दरदरून घाम फुटला. कारण आदल्या संध्याकाळी मित्राची चार वर्षांची मुलगी लपाछपी खेळताना याच कपाटात लपली होती. "काका, मला शोधा!" असा आतून आवाज येत होता आणि आम्ही मोठी माणसं बाहेर चिवडा खात हसत बसलो होतो.

गुन्हेगार होता एक किलो बेदाणा. म्हणजे खरं तर मीच. पण बेदाण्याबद्दल मला तेव्हापासून ठाम मत झालंय, आणि आजचा शनिवार त्यासाठीच काढलाय.

मत असं: बिअरमध्ये सुका मेवा जरूर घालावा. पण साखर म्हणून नाही, लेबलवर छान दिसतो म्हणून नाही, आणि गावाकडची आठवण येते म्हणून तर अजिबातच नाही. फळ वाळताना त्यात जे नवीन तयार होतं, तेवढ्यासाठीच घालावा. आणि ते काळपट, सुरकुतलेल्या, बाजारात ज्याला कुणी विचारत नाही अशा मालात जास्त असतं.

आता सविस्तर.

ज्यांना या धंद्याची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोड आणून वाळवलेले बार्लीचे दाणे, म्हणजे माल्ट, भरडून गरम पाण्यात तासभर ठेवायचे. स्टार्चची साखर होते. ते गोड पाणी, म्हणजे वर्ट, हॉप्सबरोबर तासभर उकळायचं, गार करायचं, यीस्ट घालून दोन-तीन आठवडे झाकून ठेवायचं. मग मोजून थोडी साखर घालून बाटल्या भरायच्या. बंद बाटलीत यीस्ट ती साखर खातं आणि वायू बाहेर जाऊ न शकल्याने बिअरला फेस येतो. अमेरिकेत हे घरी करायला १९७८ साली कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने परवानगी मिळाली. घरात एक सज्ञान माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. विकायची मात्र नाही. (महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय हे करता येत नाही. तेव्हा पुण्यातल्या वाचकांनी फक्त वाचावं.)

तर झालं असं की मागच्या मार्चमध्ये घरी गेलो होतो. मामाकडे तासगाव तालुक्यात दोन दिवस राहिलो. मामाची चार एकर द्राक्षबाग, आणि अर्ध्याहून जास्त मालाचा बेदाणा. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. शेडमध्ये जाळीच्या रॅकवर मजल्यावर मजले द्राक्षं पसरलेली, आणि त्या गोडसर वासात मामा कडेकडेने फिरत एकेक मणी बोटाने दाबून बघत असतो. निघताना त्याने दोन किलो उत्तम हिरवा, लांब मण्याचा बेदाणा बांधून दिला. "तिकडं मिळायचा न्हाई असला." विमानतळावर दाखवून, रीतसर विचारून आणला.

आता परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला एक खोड असते. घरून आलेली वस्तू तो नुसती खात नाही, ती कशात तरी घालतो. हापूसचा पल्प चीजकेकमध्ये, कोकम मार्गारिटात, गोडा मसाला पास्त्यात. मीही तेच केलं. आणि मीच असल्यामुळे रेसिपीच्या आधी लेबल केलं! 'तासगाव ट्रिपल'. द्राक्षाचा वेल, खाली कृष्णेचं वळण, एकदम झकास. ट्रिपल ही बेल्जियन पद्धतीची फिक्या रंगाची कडक बिअर. फिकी बिअर, हिरवा बेदाणा, रंगसंगतीसुद्धा जमली. चवीचा विचार करायचं तेवढं राहून गेलं.

१९ लिटर बिअर. दहाव्या दिवशी, यीस्टचा मुख्य जोर ओसरल्यावर, एक किलो बेदाणा गरम पाण्यातून काढून फर्मेंटरमध्ये टाकला. सोमवारपासून रिलीज होता, पुढचे दोन आठवडे वेळ मिळणार नव्हता, म्हणून तिसऱ्याच दिवशी बाटल्या भरून मोकळा. हायड्रोमीटर ड्रॉवरमध्ये होता. काढला नाही. दिवसभर दुसऱ्यांना 'टेस्ट केलं का?' विचारणारा माणूस मी.

आता हिशोब बघा. बेदाण्यात वजनाच्या साठ टक्क्यांच्या आसपास साखर असते. म्हणजे एक किलोत ६०० ग्रॅम. ती ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, म्हणजे यीस्टला सगळी पचणारी. पण अख्खा दाणा हळूहळू भिजतो, साखर हळूहळू उतरते, आणि थकलेलं यीस्ट ती हळूहळू खातं. तीन दिवसांत हे उरकत नाही. समजा चौथाई साखर खायची राहिली, तर झाली १५० ग्रॅम. बाटलीतल्या फेसासाठी मी मोजून घातलेली साखर होती ११५ ग्रॅम! म्हणजे ठरवलेल्याच्या दुपटीहून जास्त साखर मी बंद बाटल्यांत भरली. लिटरला ४ ग्रॅम साखर म्हणजे बिअरच्या आकारमानाएवढा वायू. साध्या बिअरमध्ये हे प्रमाण अडीच पटीच्या आसपास असतं. साधी बाटली तीन-साडेतीन पटीच्या पुढे भरवशाची नसते. माझं गणित सव्वाचारच्या पुढे जात होतं. त्यात ऑगस्टचा उकाडा आणि आम्ही दिवसभर एसी बंद ठेवणारे काटकसरी.

बाटल्या फुटायच्या आधी आम्ही तीन प्यालो होतो, त्यामुळे चवही सांगू शकतो. पातळ. आंबूस वाईनमध्ये सोडा घातल्यासारखी. बेदाण्याची साखर यीस्ट पूर्ण खाऊन टाकतं; मागे अल्कोहोल उरतो, अंग उरत नाही. आणि फेस? ओतताना भसकन वर यायचा आणि दहा सेकंदांत गायब. रूममेट म्हणाला, "भाऊ, हे थम्सअपसारखं काऊन करून राहिलं?"

उरलेल्या ४१ बाटल्या मी जाड ब्लँकेटखाली झाकून एकेक करत बर्फाच्या पेटीत नेल्या, दोन दिवस थंड केल्या आणि गॉगल लावून सिंकमध्ये उघडल्या. हे मुद्दाम लिहितोय. कुणाच्या बाटल्या अशा फुटायला लागल्या तर हातात धरून बघू नका, गरम असताना उघडू नका. आधी थंड करा. थंडीत वायू बिअरमध्ये विरघळून राहतो आणि दाब उतरतो.

आईला मी हे सांगितलं नव्हतं. पण रूममेटने त्याच्या आईला सांगितलं, दोघी फोनवर बोलतात, आणि चार तासांत बातमी तासगावला पोचली ती 'पोराच्या घरात स्फोट झाला' अशी. रात्री मामाचा फोन. मामा माळकरी. आषाढीला चालत जाणारा. मी मनातल्या मनात भाषण तयार केलं होतं: मामा, इथे कायद्याने चालतं, मी काही रोज घेत नाही, वगैरे.

मामाने पहिला प्रश्न विचारला, "धुतलास का बेदाणा?"

"अं? हो, गरम पाण्यातून काढला की."

"नुसता काढून भागतंय व्हय? आरं, तेल असतंय त्याला. द्राक्षं पोटॅश आन् डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवल्याबिगर रॅकवर टाकत न्हाई आम्ही. सालीवरचं मेण फुटतंय, पाणी लवकर सुटतंय, रंग हिरवा ऱ्हातो. चोळून चोळून धुवाय लागतो."

फेस का मरत होता ते मला त्या क्षणी कळलं. तेल आणि बिअरचा फेस यांचं हाडवैर आहे. तेलकट ओठ ग्लासला लागला तरी फेस बसतो. मी महिनाभर यीस्टला शिव्या देत होतो, आणि उत्तर दारूला न शिवणाऱ्या माणसाकडे होतं.

मग मी विचारलं, चवीचं काय? चव का आली नाही?

"हिरव्याला कसली चव? त्यो दिसायला. सौद्यात ताटात वतला की नुसता रंग बघत्यात. चव काळ्याला. पाऊस झाला, ढगाळ पडलं, की रंग जातो आन् भाव पडतो. पर घरी खायला आम्ही त्योच ठेवतोय." आणि थोडं थांबून, "बुरशी आल्याला न्हवं हां. नुसता रंग गेल्याला."

दारूबद्दल? शेवटी एवढंच म्हणाला, "पोरं-बाळं येत्यात न्हवं घरात? मग काचंच्या बाटल्या कपाटात कशाला ठेवतोस?" मला याला उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मग मी शोधत बसलो, तर मामा शंभर टक्के बरोबर. अमेरिकेतल्या कुठल्याही ग्रोसरीत दोन प्रकारचे बेदाणे असतात, काळे आणि सोनेरी. माझी समजूत होती की द्राक्षं वेगळी. नाही! दोन्ही बहुतेक थॉम्पसन सीडलेसच. कॅलिफोर्नियात पारंपरिक पद्धतीने द्राक्षं कागदावर पसरून दोन-तीन आठवडे उन्हात वाळवतात. सालीतलं एन्झाइम हवेशी खेळतं आणि दाणा काळा पडतो. सफरचंद चिरून ठेवलं की तांबूस होतं, तीच क्रिया. सोनेरीला गंधकाची धुरी देऊन ही क्रिया थांबवतात आणि यंत्रात वाळवतात. म्हणजे हिरवा किंवा सोनेरी बेदाणा म्हणजे जे घडायचं ते घडू न दिलेला बेदाणा. गूळ, अंजीर, चिंचेकडे झुकणारा तो सगळा खोल वास काळा पडतानाच येतो. आणि मी नेमका तो नसलेला बेदाणा सात समुद्र ओलांडून आणला होता. हवा तो माल कोपऱ्यावरच्या दुकानात सगळ्यात स्वस्त होता.

आता इथे एक आक्षेप येतो, आणि तो चांगल्या लोकांकडून येतो. आमच्या टीममध्ये एक जर्मन गृहस्थ आहेत. १५१६ चा बव्हेरियाचा नियम (पाणी, बार्ली, हॉप्स, बाकी काही नाही) त्यांना तोंडपाठ. पण त्यांचा मुद्दा नियमाचा नव्हता. ते म्हणाले, मनुकांची चव हवी असेल तर मनुका कशाला? स्पेशल बी नावाचं गडद भाजलेलं बेल्जियन माल्ट आहे, त्यातून ती येते. बेल्जियन डुबेल प्यायल्यावर लोकांना मनुका आठवतात, पण ती चव येते गडद कँडी साखरेतून, माल्टमधून आणि यीस्टमधून. मनुका घालायची गरज नसते.

हे खरं आहे. म्हणून मी केलं काय, तर सरळ ए-बी टेस्ट. आठ-आठ लिटरच्या दोन डुबेल. तेच माल्ट, तेच यीस्ट, दोन्हीत स्पेशल बी. एकीत १७० ग्रॅम काळा बेदाणा. दुसरीत बेदाणा नाही, पण त्यातून जेवढी साखर आली असती तेवढी, म्हणजे १०० ग्रॅम, साधी साखर. म्हणजे अल्कोहोल सारखा, फरक राहिला तो फक्त फळाचा. दोन महिन्यांनी सहा जणांना तीन-तीन कप दिले, दोन सारखे आणि एक वेगळा. वेगळा ओळखा. सहांपैकी पाच जणांनी बरोबर ओळखला. सहा माणसं म्हणजे काही संशोधन नव्हे, पण ओळखणाऱ्यांत ते जर्मन गृहस्थही होते. माल्टमधून मनुकांचा वास येतो. बेदाण्यातून त्या वासाखाली एक हलकी आंबट कड येते, कारण द्राक्षातलं टार्टरिक ॲसिड वाळल्यावरही राहतं. गडद बिअरचा गोडपणा त्याने अंगावर येत नाही. भाजीत चिंचेचं बोटुक घालतो ना, तसं काहीसं.

तेव्हा माझे नियम, ठेचा खाऊन शिकलेले.

पाकिटावर घटक वाचा. फक्त फळाचं नाव असेल तर घ्या. सूर्यफुलाचं तेल लिहिलं असेल (वाळवलेल्या क्रॅनबेरीत हमखास असतं) तर ठेवून द्या. पोटॅशियम सॉर्बेट असेल तरी ठेवून द्या. ते यीस्टची वाढ रोखायलाच घातलेलं असतं. गंधकाचा एवढा बाऊ नको, वीस लिटरमध्ये पातळ झाल्यावर त्याने यीस्टचा जीव जात नाही. मुद्दा चवीचा आहे.

१९ लिटरला ४०० ग्रॅम पुरे. यातूनही ग्रॅव्हिटी पाच पॉइंट वाढते, म्हणजे अल्कोहोल अर्धा-पाऊण टक्का. तेवढी साखर रेसिपीतून आधीच कमी करा.

अख्खे दाणे टाकू नका. चिरा, नाहीतर गरम वर्ट घालून मिक्सरमधून फिरवा आणि उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत घाला. वाळलेल्या फळावर रानटी यीस्ट आणि बुरशी असतेच, ती मरते. आणि साखर पहिल्या दिवसापासून यीस्टसमोर येते. पेक्टिनमुळे बिअर जराशी गढूळ होईल. डुबेलमध्ये कोण बघतंय?

फिक्या बिअरच्या नादी लागू नका. पोर्टर, डुबेल, ओल्ड एल, अशा ठिकाणी हा मेवा शोभतो. खजूर जवळपास सगळा साखर असतो, यीस्ट त्याचा फडशा पाडतं आणि मागे फार काही ठेवत नाही. अंजीर चांगलं. सुक्या आलूबुखाऱ्यात सॉर्बिटॉल असतं, ते यीस्ट खात नाही, त्यामुळे बिअरला थोडं अंग येतं. मात्र सॉर्बिटॉलचा दुसरा गुण दुसऱ्या दिवशी सकाळी कळतो, तेव्हा पाहुण्यांना बेताने द्या. :)

आणि शेवटचा, पण खरं तर पहिला. तीन दिवसांच्या अंतराने दोनदा ग्रॅव्हिटी मोजा. आकडा तोच आला तरच बाटल्या भरा. रिलीज असो, लग्न असो, काहीही असो.

फिनलंडमध्ये १ मेच्या सणाला सिमा नावाचं लिंबाचं आंबवलेलं पेय करतात. प्रत्येक बाटलीत चार-दोन बेदाणे टाकतात. आधी ते तळाशी असतात. वायू तयार झाला की बुडबुडे चिकटून वर येतात. बेदाणा वर आला की पेय तयार, लगेच गार करायचं आणि थोड्या दिवसांत संपवायचं. मला हे वाचून लाज वाटली. त्यांनी बेदाण्याचं मोजायचं यंत्र केलं, आणि मी बेदाणा टाकून मोजायचं बंद केलं.

सध्या आमच्याकडे बाटल्या जाड प्लॅस्टिकच्या झाकणबंद पेटीत, हॉलच्या कोपऱ्यात असतात, कुलूप लावून. मित्राची मुलगी आता पाच वर्षांची आहे. तिला सांगितलंय की त्या पेटीत काकाचा अभ्यास आहे, त्यामुळे ती तिकडे फिरकतसुद्धा नाही. कपाटाच्या दारावरची खाच मी बुजवलेली नाही. डिपॉझिटमधून पैसे कापले जातील, जाऊ देत.

मागच्या आठवड्यात मामाचा पुन्हा फोन होता. यंदा वाळवणीच्या दिवसांत दोनदा पाऊस झाला, बराच माल काळा पडला. भावाचं बोलला, औषधांच्या खर्चाचं बोलला. मी नुसतं ऐकून घेतलं. १९ लिटरच्या माझ्या भांड्यात त्याचा माल कितीसा खपणार? फोन ठेवताना म्हणाला, "तुझ्यासाठी पाच किलो बाजूला काढलाय. तेल न लावल्याला. उन्हात वाळिवलाय, नुसता."

डिसेंबरमध्ये जातोय घरी. लेबल अजून केलेलं नाही.